लाईट आहे, पण लिंक नाही! फायबर मॉड्यूल निवडताना नेमकं काय जुळवायचं?

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. एका तालुक्याच्या गावातल्या पतसंस्थेतून सकाळी सकाळी फोन आला. "साहेब, नवीन शाखेचं नेट बंद आहे. काउंटरसमोर रांग लागलीय." मुख्य कार्यालय आणि नवी शाखा यांच्यामध्ये साधारण तीन किलोमीटरची त्यांची स्वतःची फायबर आहे. आदल्या रात्री विजा झाल्या होत्या आणि शाखेतल्या स्विचमधलं फायबर मॉड्यूल गेलं होतं.

मॉड्यूल म्हणजे बोटाएवढी वस्तू. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून दुसऱ्या दिवशी तसंच मागवलं. वेग तोच, वेव्हलेंग्थ तीच, दहा किलोमीटरचं अंतर तेच, कनेक्टरही तोच. बसवण्याआधी फायबर पॉवर मीटरला लावून बघितली, तर समोरून येणारा लाईट उणे ६ डीबीएम. म्हणजे ठणठणीत. तरी मॉड्यूल बसवल्याबरोबर स्विचने ते पोर्टच बंद करून टाकलं. स्क्रीनवर संदेश आला, हे मॉड्यूल मान्य नाही.

देखभालीचं कंत्राट असलेल्या पुरवठादाराला फोन केला. तो म्हणाला, "त्याच ब्रँडचं लागेल. आज ऑर्डर टाका, आठ-दहा दिवसांत येईल." किंमत विचारली तर मी आणलेल्या मॉड्यूलच्या कित्येक पट. तो दिवस बाजाराचा. लोक पैसे काढायला आलेले आणि कर्मचारी त्यांना मुख्य कार्यालयात पाठवत होते. पावसात तीन किलोमीटर. त्यात म्हातारी माणसंही होती.

तिसऱ्या दिवशी पुण्याच्या एका ओळखीच्या विक्रेत्याकडून ते मॉड्यूल 'कोड' करून आणलं. त्याने एका छोट्या डबीत ते घातलं आणि दोन मिनिटांत त्याच्या मेमरीतली माहिती बदलली. परत स्विचमध्ये बसवल्यावर लिंक लगेच आली. फायबर आणि प्रकाश आधी होते तेच होते. बदललं होतं ते मॉड्यूलच्या मेमरीत लिहिलेलं नाव.

तेव्हापासून कोणी विचारलं, "हे मॉड्यूल कंपॅटिबल आहे का?" की मी उलट विचारतो, "कशाशी?" कारण या एका शब्दात दोन-तीन वेगवेगळे प्रश्न दडलेले असतात. त्यातले काही विज्ञानाचे आहेत आणि काही निव्वळ व्यवहाराचे. त्यांची गल्लत झाली की पैसे जातात, आणि कधी कधी पैशांपेक्षाही जास्त काही.

हा विषय आत्ताच का?

पहिलं कारण सरकारी आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने सुधारित भारतनेट कार्यक्रमाला मंजुरी दिली. खर्च १,३९,५७९ कोटी रुपये. देशातल्या सुमारे २.६४ लाख ग्रामपंचायती फायबरने 'रिंग' पद्धतीने जोडायच्या आणि उरलेल्या सुमारे ३.८ लाख गावांना मागणीनुसार जोडणी द्यायची, असा हा आराखडा आहे. फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पात ग्रामीण भागातल्या सगळ्या सरकारी माध्यमिक शाळा आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांना भारतनेटमधून ब्रॉडबँड देण्याची घोषणाही झाली.

रिंग म्हणजे काय? आधी फायबर तालुक्यापासून गावापर्यंत एका सरळ रेषेत जायची. मध्ये जेसीबीने खोदकाम केलं की पुढचं सगळं बंद. रिंगमध्ये प्रत्येक गावाला दोन बाजूंनी वाट असते. एक तुटली तर दुसरीकडून माहिती फिरते. कल्पना चांगली आहे, पण तिचा अर्थ असाही होतो, की प्रत्येक पंचायतीच्या राउटरमध्ये किमान दोन फायबर मॉड्यूल लागणार, एक डावीकडे आणि एक उजवीकडे. माझा साधा गुणाकार: २.६४ लाख गुणिले दोन, म्हणजे सव्वापाच लाखांहून जास्त मॉड्यूल. यात तालुक्याच्या ठिकाणची आणि राखीव धरलेलीच नाहीत. कार्यक्रमात देखभालीचा काळ दहा वर्षांचा आहे. दहा वर्षांत यातली बरीच बदलावी लागतील. तेव्हा पंचायतीच्या खोलीत उभ्या असलेल्या टेक्निशियनच्या पिशवीत कोणतं मॉड्यूल चालेल, हा प्रश्न त्या गावाच्या दाखल्यांचा आणि आरोग्य केंद्राच्या कामाचा आहे.

दुसरं कारण एआय. मोठ्या एआय यंत्रणांमध्ये हजारो प्रोसेसर एकमेकांशी जोडलेले असतात आणि ती जोडणी मुख्यतः फायबरची. ४०० आणि ८०० जीबीपीएसच्या मॉड्यूलना तिथे प्रचंड मागणी आहे. आपल्याकडे नवी मुंबईत ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यात डेटा सेंटर एकामागून एक उभी राहिली, ती आपण पाहतोच आहोत. मॉड्यूल बनवणाऱ्यांचं लक्ष मोठ्या गिऱ्हाइकांकडे गेलं, की शाळा, पतसंस्था, छोटे केबलवाले यांनी आपली निवड स्वतः नीट समजून केलेली बरी.

मॉड्यूल आत काय करतं?

स्विच विजेच्या भाषेत बोलतो आणि फायबर प्रकाशाच्या. मधला दुभाष्या म्हणजे हे मॉड्यूल, म्हणजेच ट्रान्सीव्हर. एका बाजूने लेझर प्रकाश पाठवतो, दुसऱ्या बाजूने डिटेक्टर प्रकाश टिपतो. ते स्विचमध्ये कायमचं न बसवता काढता-घालता येईल असं ठेवलं, कारण कोणाला शंभर मीटर जायचं असतं तर कोणाला चाळीस किलोमीटर.

या मॉड्यूलचा आकार, पिना, आतल्या मेमरीची मांडणी हे सगळं अनेक कंपन्यांनी मिळून ठरवलं. एसएफपी या प्रकारचा करार २००० साली झाला. पुढे १० जीबीपीएससाठी एसएफपी प्लस, २५ साठी एसएफपी २८, १०० साठी क्यूएसएफपी २८ असे भाऊबंद आले. उद्देश एकच होता, कोणाचंही मॉड्यूल कोणाच्याही उपकरणात बसावं.

बसतं खरं. पण बसणं आणि चालणं यात फरक आहे. तोच आता बघू.

पहिली जुळणी: प्रकाशाची

इथे कोणाची मर्जी चालत नाही, इथे भौतिकशास्त्र चालतं. मी खालचे मुद्दे याच क्रमाने तपासतो.

फायबरचा प्रकार. सिंगल मोड फायबरचा गाभा साधारण ९ मायक्रॉनचा, मल्टिमोडचा ५० किंवा जुन्या केबलमध्ये ६२.५ मायक्रॉनचा. बाहेरचं काचेचं आवरण दोन्हींना १२५ मायक्रॉनचंच, त्यामुळे कनेक्टर दोन्हीकडे सारखाच बसतो आणि फसगत होते. पॅच कॉर्डचा रंग पाहा. पिवळा म्हणजे सिंगल मोड, नारिंगी म्हणजे जुना मल्टिमोड, फिकट निळसर म्हणजे ओएम ३ किंवा ओएम ४. कितीतरी कॉलेज आणि कारखान्यांमध्ये वीस वर्षांपूर्वी टाकलेली नारिंगी ६२.५ मायक्रॉनची केबल अजून आहे. तिच्यावर १ जीबीपीएस आरामात चाललं. आता कोणी १०जी-एसआर मॉड्यूल घेऊन आलं, तर तेच अंतर जेमतेम ३३ मीटरवर येतं. ओएम ३ वर हेच मॉड्यूल ३०० मीटर आणि ओएम ४ वर ४०० मीटर जातं. म्हणजे मॉड्यूलच्या खोक्यावरचं अंतर तुमच्या केबलचं नसतं, ते त्यांनी धरलेल्या केबलचं असतं.

वेव्हलेंग्थ. दोन्ही टोकांची एकमेकांशी जुळली पाहिजे. साध्या जोडीत एक तार जायला आणि एक यायला असते, दोन्हीकडे १३१० नॅनोमीटर. पण एकाच तारेवर दोन्ही दिशा चालवणारी 'बायडी' मॉड्यूल असतात. त्यात एका टोकाला १३१० पाठवणारं आणि १४९० घेणारं, तर दुसऱ्या टोकाला बरोबर उलटं लागतं. १० जीबीपीएसमध्ये हीच जोडी १२७० आणि १३३० ची. दोन्ही टोकांना एकसारखी मॉड्यूल लावली की दोघंही बोलतात, ऐकत कोणीच नाही. म्हणून बायडी वापरत असाल तर राखीव मॉड्यूलही दोन्ही प्रकारची ठेवा.

१०० जीबीपीएसला हा घोटाळा आणखी लपलेला असतो. एलआर ४ आणि सीडब्ल्यूडीएम ४ ही दोन्ही मॉड्यूल दिसायला सारखी, कनेक्टर तोच, तारा त्याच दोन, दोन्ही चार रंगांचा प्रकाश वापरणारी. पण एकाचे चारही रंग १२९५ ते १३१० नॅनोमीटरच्या आसपास दाटीवाटीने बसवलेले आणि दुसऱ्याचे १२७१ ते १३३१ पर्यंत पसरलेले. एक दहा किलोमीटरसाठी, दुसरं दोनसाठी. दोन टोकांना ही दोन लावली, तर लिंक येणार नाही.

वेग आणि एफईसी. १ जीबीपीएसच्या एसएफपी पोर्टमध्ये १० जीबीपीएसचं मॉड्यूल बसतं, पण चालत नाही. उलट बऱ्याच १० जीबीपीएसच्या पोर्टमध्ये १ चं मॉड्यूल चालतं, मात्र वेग हाताने ठरवावा लागू शकतो. २५ आणि १०० जीबीपीएसला आणखी एक भानगड आहे, ती म्हणजे एफईसी. वाटेत झालेल्या चुका पलीकडच्या टोकाला दुरुस्त करून घेण्याची ही सोय. १००जी-एसआर ४ ला ती लागते, एलआर ४ ला लागत नाही. एका टोकाला चालू आणि दुसऱ्याला बंद असेल तर प्रकाश उत्तम असूनही लिंक येत नाही. मॉड्यूल बदलण्याआधी दोन्ही स्विचवर ही एक सेटिंग बघा, फुकटात काम होतं.

कनेक्टर. स्विचच्या मॉड्यूलवर बहुतेक वेळा छोटा एलसी असतो, तर घरच्या फायबरवर हिरवा एससी. हिरवा रंग म्हणजे टोक ८ अंशांत तिरकं घासलेलं, निळा म्हणजे सरळ घासलेलं. हिरवा निळ्यात जोडला की मध्ये फट राहते, लाईट अर्धामुर्धा पोहोचतो आणि काचेचं टोक खराब होतं ते वेगळंच. आणि घरच्या फायबरचं जीपॉन मॉड्यूल एसएफपीच्याच आकाराचं दिसलं तरी त्याचं काम वेगळं आहे. ते साध्या इथरनेट मॉड्यूलशी बोलत नाही.

अंतर, पण किलोमीटरमध्ये नव्हे, डेसिबलमध्ये. एक उदाहरण घेऊ. १०जी-एलआर मॉड्यूलचा लेझर कमीत कमी उणे ८.२ डीबीएम पाठवतो आणि समोरच्याला उणे १४.४ पर्यंत ऐकू येतं. म्हणजे वाटेत ६.२ डीबी खर्च करायची मुभा. ही झाली आपली खिशातली रक्कम. आता सहा किलोमीटरची फायबर १३१० वर किलोमीटरमागे साधारण ०.३५ डीबी खाते, झाले २.१. चार कनेक्टर, प्रत्येकी ०.५ धरू, झाले २. चार जॉइंट, प्रत्येकी ०.१, झाले ०.४. एकूण ४.५. शिल्लक १.७ डीबी. कागदावर मस्त.

आता आपल्या रस्त्यांचा हिशोब धरा. पाइपलाइन, गटार, रस्ता रुंदीकरण. दर वेळी केबल तुटते आणि नवा तुकडा घालून दोन जॉइंट वाढतात. रस्त्याच्या कडेला घाईत केलेला जॉइंट ०.१५ डीबी खाणार असं धरलं, तर पाच वेळा तुटल्यावर १.५ डीबी गेले. उरले ०.२. आता कनेक्टरवर थोडी धूळ बसली तरी लिंक चालू-बंद होणार, आणि सगळे म्हणणार, "मॉड्यूल खराब आहे." मॉड्यूलचा दोष नसतो. सुरुवातीला दहा वर्षांची शिल्लक धरलेली नसते.

मग जास्त ताकदीचं घेतलं की झालं? तेही नाही. चाळीस किलोमीटरचं १०जी-ईआर मॉड्यूल अधिक ४ डीबीएमपर्यंत पाठवू शकतं, आणि त्याच प्रकारचा रिसीव्हर उणे १ डीबीएमपेक्षा जास्त सहन करत नाही. दोन किलोमीटरवर ते तसंच लावलं, तर समोरचा डिटेक्टर आंधळा होतो, कायमचा निकामीही होऊ शकतो. मध्ये ॲटेन्युएटर, म्हणजे मुद्दाम प्रकाश कमी करणारा तुकडा, घालावा लागतो.

तापमान. साधी मॉड्यूल ० ते ७० अंशांसाठी असतात, औद्योगिक दर्जाची उणे ४० ते ८५ साठी. चंद्रपूर किंवा अकोल्यात मे महिन्यात बाहेर पारा ४५ च्या पुढे जातो. पत्र्याच्या खोलीतल्या बंद कपाटात, पंख्याशिवाय, स्विचच्या आत किती असेल याचा विचार करा. तिथे दोन पैसे वाचवून साधं मॉड्यूल घेतलं, तर दर उन्हाळ्यात फोन ठरलेला.

दुसरी जुळणी: नावाची

वरचं सगळं जुळलं, तरी पतसंस्थेत झालं तसं होऊ शकतं. प्रत्येक मॉड्यूलमध्ये एक छोटी मेमरी असते. तिच्यात वेग, वेव्हलेंग्थ, अंतर यांच्यासोबत निर्मात्याच्या नावासाठी १६ अक्षरांची जागा असते. त्याशिवाय पार्ट नंबर, सिरियल नंबर आणि निर्मात्यासाठी राखीव ठेवलेली थोडी जागा. मॉड्यूल आत सरकवलं की स्विच ही मेमरी वाचतो. काही कंपन्यांचे स्विच तिथे आपलं नाव किंवा आपली गुप्त खूण शोधतात. सापडली नाही तर पोर्ट बंद.

हा अडथळा तांत्रिक नाही, हे कशावरून? कारण बऱ्याच ठिकाणी तो एका आज्ञेने उठतो. सिस्कोच्या अनेक स्विचवर 'सर्व्हिस अनसपोर्टेड ट्रान्सीव्हर' अशी आज्ञा आहे. अरुबाच्या स्विचवर तशाच अर्थाची दुसरी आहे. इंटेलच्या जुन्या १० जीबीपीएस कार्डाच्या लिनक्स ड्रायव्हरमध्येही असा एक पर्याय आहे. मायक्रोटिकसारख्या कंपन्या मुळात नाव बघून अडवतच नाहीत. प्रकाश जुळत नसता तर कोणत्याही आज्ञेने लिंक आली नसती.

आणि मॉड्यूल बनवतं कोण? स्विचवर ज्यांचं नाव असतं त्यातले बरेच जण सगळी मॉड्यूल स्वतः बनवत नाहीत. इनोलाईट, कोहेरंट, ल्युमेंटम, ॲक्सेलिंक यांसारखे कारखाने ती बनवतात आणि वेगवेगळ्या लेबलखाली ती बाजारात येतात. महाग आणि स्वस्त मॉड्यूलच्या आतला लेझर एकाच कारखान्यातून आलेला असू शकतो.

इथे फायबरकडे बघा. आपल्याच छत्रपती संभाजीनगरजवळ शेंद्रा आणि वाळूजला ऑप्टिकल फायबर तयार होते. सिंगल मोड फायबर जी.६५२.डी या आंतरराष्ट्रीय मानकाची असली की जगात कुठल्याही कारखान्याची फायबर कुठल्याही फायबरला जोडता येते. जॉइंट मारणारा माणूस केबलवर कोणाचं नाव आहे हे विचारत नाही. त्याच जाळ्याच्या टोकाला बसणाऱ्या छोट्या मॉड्यूलला मात्र नाव विचारलं जातं. मानक दोन्हीकडे आहे. फरक एवढाच, की फायबरला मेमरी नाही.

कंपन्यांचं म्हणणं अगदीच खोटं आहे का?

नाही. बाजारात भिकार मॉड्यूल भरपूर आहेत. जास्त वीज खाणारं, जास्त तापणारं मॉड्यूल शेजारच्या पोर्टनाही त्रास देतं. चुकीची माहिती सांगणाऱ्या मॉड्यूलमुळे तासन् तास भलत्याच ठिकाणी बिघाड शोधण्यात जातात. मीही गेलोय त्यातून. कंपनीच्या इंजिनिअरने प्रत्येक अनोळखी मॉड्यूलची जबाबदारी का घ्यावी, हा प्रश्न रास्त आहे. म्हणूनच आज्ञा देऊन अडथळा काढल्यावर बहुतेक कंपन्या सांगतात, की बिघाड या मॉड्यूलमुळे झाला असं वाटलं तर मदत नाकारू. तेवढं समजण्यासारखं आहे.

आणखी एक फरक लक्षात ठेवा. कंपॅटिबल मॉड्यूल वेगळं आणि बनावट वेगळं. कंपॅटिबलवर बाहेरून त्याच्या खऱ्या निर्मात्याचं लेबल असतं, ते कोणत्या स्विचसाठी कोड केलंय हे उघड सांगितलेलं असतं आणि त्याची वॉरंटी तो विक्रेता देतो. बनावटवर बाहेरूनच दुसऱ्याच्या ब्रँडचं लेबल चिकटवलेलं असतं, किंमतही जवळपास त्याच ब्रँडची घेतात. पहिला व्यवहार आहे, दुसरी फसवणूक.

पण इशारा देणं आणि पोर्ट बंद करणं यात मोठं अंतर आहे. "हे आमचं नाही, जपून वापरा" असं स्विचने म्हणावं. ज्याने स्विचचे पूर्ण पैसे मोजले, त्याला अडवू नये. २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने 'दुरुस्तीचा हक्क' पोर्टल सुरू केलं. शेती अवजारं, मोबाईल-इलेक्ट्रॉनिक्स, घरगुती वस्तू आणि वाहनं या चार क्षेत्रांपासून सुरुवात झाली. ट्रॅक्टरच्या सुट्या भागांवर आपण बोलतो. पंचायतीच्या कपाटातल्या राउटरबद्दल कोणी बोलत नाही, कारण तो बंद पडेपर्यंत कोणाला दिसतच नाही.

तिसरी जुळणी: परवानगीची

दूरसंचार कंपन्यांसाठी आणखी एक पायरी आहे. १५ जून २०२१ पासून परवानाधारक कंपन्यांना आपल्या जाळ्यात नवीन उपकरणं जोडताना ती सरकारने मान्य केलेल्या 'विश्वसनीय स्रोता'कडूनच घ्यावी लागतात. सुरक्षेच्या दृष्टीने हा नियम आला आणि त्यामागचं कारण समजण्यासारखं आहे. त्यामुळे तिथे प्रकाश जुळला, नाव जुळलं, तरी स्रोत मान्य आहे का हे विचारावंच लागतं. पतसंस्था, शाळा, कारखाना यांच्या स्वतःच्या आवारातल्या जाळ्याला हा नियम लागू होत नाही. तरीही कोणी "सरकारी नियम आहे, आमचंच घ्या" असं सांगितलं, तर कोणता नियम, हे लेखी मागा.

पुढे ही मोकळीक राहील का?

मार्च २०२५ मध्ये एनव्हिडियाने असे स्विच जाहीर केले, ज्यांत प्रकाश तयार-वाचन करणारा भाग वेगळ्या मॉड्यूलमध्ये नसून थेट स्विचच्या चिपशेजारी बसवलेला आहे. ब्रॉडकॉमही याच वाटेवर आहे. वीज वाचते, वेग वाढतो, आणि मोठ्या एआय केंद्रांसाठी ते फायद्याचंच आहे. पण तिथे कोणाचं मॉड्यूल घ्यायचं हा प्रश्नच उरत नाही. प्रकाश आणि स्विच एकाच दुकानातून घ्यायचे.

हे लगेच आपल्या गावात येणार नाही. १ आणि १० जीबीपीएसची मॉड्यूल अजून बरीच वर्षं राहतील. पण दिशा लक्षात घ्या. वरच्या टोकाला निवड कमी होत असताना खालच्या टोकाला आहे ती निवड आपण आपल्याच हाताने सोडून देतोय, तीही टेंडरमधल्या एका ओळीने.

मग करायचं काय?

ती ओळ म्हणजे "अमुक कंपनीचा अमुक पार्ट नंबर". मी अशा कितीतरी खरेदीच्या याद्या पाहिल्यात. लिहिणाऱ्याची चूक नसते, पुरवठादाराने दिलेला कागद तसाच उतरवलेला असतो. केंद्राच्या २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांतही तांत्रिक अटी शक्यतो मान्य राष्ट्रीय किंवा आंतरराष्ट्रीय मानकांवर आधाराव्यात असंच म्हटलंय. तेव्हा यादीत हे लिहा:

१. मानक लिहा, ब्रँड नको. उदा. "१०जी-एलआर, १३१० नॅनोमीटर, एलसी, सिंगल मोड, १० किमी, औद्योगिक तापमान दर्जा."

२. स्विच घेतानाच लेखी विचारा: दुसऱ्या निर्मात्याचं मॉड्यूल बसवलं तर पोर्ट बंद होईल का? होत असेल तर ते उघडायची आज्ञा कोणती? वॉरंटीवर नेमका काय परिणाम? हे प्रश्न स्विच विकत घेण्याआधी विचारले तर उत्तर मिळतं, नंतर विचारले तर कोटेशन मिळतं.

३. मॉड्यूलमध्ये डिजिटल डायग्नॉस्टिक्स हवंच. म्हणजे पाठवलेला आणि मिळालेला प्रकाश, तापमान स्विचवरच दिसतं. लिंक सुरू झाली त्या दिवशी हे आकडे वहीत लिहून ठेवा. दोन वर्षांनी तुलना करायला हीच वही कामाला येते.

४. प्रत्येक लिंकचा डेसिबलचा हिशोब करा आणि निदान ३ डीबी शिल्लक ठेवा. माझ्या वरच्या उदाहरणात ती नव्हती, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. तिथे कनेक्टर कमी करायचे किंवा जास्त पल्ल्याचं मॉड्यूल हिशोब करून घ्यायचं.

५. दर दहा मॉड्यूलमागे एक राखीव, आणि ते आणल्याच दिवशी त्याच स्विचमध्ये लावून तपासलेलं. कपाटात न तपासता ठेवलेलं राखीव मॉड्यूल राखीव नसतं.

६. मेमरी कोड करून देणारा विक्रेता असेल, तर बिलावर मूळ निर्माता, कोणत्या मॉडेलसाठी कोड केलंय आणि वॉरंटी किती, हे लिहून घ्या.

७. आणि काहीही बदलण्याआधी कनेक्टर पुसा. हसू नका. निम्म्या वेळा तेवढंच लागतं.

त्या पतसंस्थेत आता कपाटात दोन मॉड्यूल आहेत, कोड केलेली, तपासलेली, प्रत्येकावर तारखेची चिठ्ठी. शाखेच्या व्यवस्थापक ताईंनी स्वतः ती बदलायला शिकून घेतलंय. गेल्या महिन्यात पुन्हा विजा झाल्या, पुन्हा एक गेलं. मला फोन आला तो सगळं झाल्यावर. "साहेब, दहा मिनिटांत चालू केलं. तुम्हाला नुसतं कळवलं." त्या दिवशी कोणालाही मुख्य कार्यालयापर्यंत चालत जावं लागलं नाही. पंचायतीच्या सव्वापाच लाख मॉड्यूलच्या बाबतीतही एवढंच व्हायला हवं, की गेलेलं मॉड्यूल गावातल्याच माणसाला बदलता यावं. ते होईल की नाही, हे आज लिहिल्या जाणाऱ्या खरेदीच्या अटी ठरवणार आहेत.